झेंडूचा वाफा

प्रिय भिंगवाले,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती, तेव्हा चष्मा पुसून वाच. तुझा बाप आणि मी चार दिवस बोलत नाही. जेवताना त्याला मीठ हवं असलं तर भिंतीकडे बघून मागतो. भिंत काही देत नाही, मग अळणी खातो.

भांडण टोमॅटोच्या मुळांवरून. गेल्या साली पाणी असूनही झाडं भर दुपारी माना टाकायची. उपटलं की मुळांना मण्यांसारख्या गाठी. तू म्हणालीस सूत्रकृमी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे. ते आले कुठून, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या बहिणीच्या मळ्यातून रोपं आणायला गेले आणि फावडं मातीसकट घरी आणलं. धुवायचा कंटाळा केला. केलं मी, तर निस्तरणारही मीच.

म्हणून फाटकाजवळचा वाफा अडवला. उन्हाळ्यात माती भिजवून दीड महिना प्लास्टिकखाली भाजली, मग चार महिने नुसता झेंडू लावला, त्याची मुळं या किड्यांना मानवत नाहीत, आणि तिथेच गाडला. तुझा बाप म्हणाला, म्हातारी आता फुलं विकून बंगला बांधणार. यंदा त्याच वाफ्यातल्या टोमॅटोची मुळं बघ, माझ्या केसांसारखी पांढरी नि मोकळी. चारदोन गाठी सापडतात, खोटं कशाला बोलू? पण झाडं ताठ उभी आहेत.

तरी त्याने औषधाचं पिंप आणलंय. औषध कसलं, विषच ते. सोमवारी सगळ्या शेतात ओतणार, माझ्या वाफ्यातही. किड्यांबरोबर गांडुळंही जातील. मी सांगून ठेवलंय, वाफ्यात खुर्ची टाकून बसेन, ओत माझ्या पायांवर.

आता मुद्द्याचं. तो माझ्या नाकासमोर एक कागद नाचवतो, औषध घाला म्हणणारा, आणि खाली सही तुझी. बाई गं, तुझ्या प्रयोगशाळेत त्याने पाठवलेली माती पलीकडच्या वाफ्यातली होती, माझ्या नव्हे. पिशवीत कुठली माती आहे, हे तू विचारलंच नाहीस. मी फावडं धुतलं नाही, तू पिशवीचं विचारलं नाहीस. नात शोभतेस माझी. सोमवारच्या आत ये, दोन्ही वाफ्यांतलं एकेक झाड स्वतःच्या हाताने उपट, मग काय ती सही कर. मुळं पोस्टाने पाठवणार नाही, किडे गावभर वाटायची हौस माझी एकदाच भागली. फाटकापाशी बादली ठेवलीय. आत येताना बूट धू, जाताना पुन्हा धू.

तुझीच,
खुर्चीवरून न हलणारी आजी