दोन डॉक्टरांचं एक दुखणं

चि. धाकटीस दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, घोर लावून घेऊ नकोस. शिलाई चालू आहे, फक्त काजं दुसऱ्याकडून करून घेतो. उजव्या हाताचं मधलं बोट बुडापासून शेंड्यापर्यंत सुजलंय.

इथल्या शहाण्यांची अक्कल ऐक. कातडीचा डॉक्टर कोपरावरचे खवले बघून मलम देतो, बोटाकडे ढुंकून बघत नाही. हाडांच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, त्यात संधिवात सापडला नाही, तर म्हणतो, "बाबा, आता वय झालं." एवढं सांगायला इतकं शिकावं लागतं?

तिसरी डॉक्टरीण मात्र खरी शहाणी निघाली. तिनं टोपी काढायला लावून कानामागचे खवले पाहिले, मोजे काढायला लावले, नखं उजेडात धरली. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत. म्हणाली, "कोपरावरचा सोरायसिस आणि बोटाचे सांधे, दुखणं एकच. रक्तात दिसेलच असं नाही. घरात आणखी कुणाला?" मी नाही म्हणालो. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि लगेच हे लिहायला बसलो.

सकाळी तासभर टाच टेकवत नाही, असं तू लिहिलंयस. मेहुण्यांना तो आळस वाटतो. त्यांना नमस्कार सांग आणि म्हणावं, थोडे दिवस गप्प बसा. कानामागे खाज येते का गं? उशीर झाला तर सांधे वाकडे होतात आणि मग सरळ होत नाहीत, म्हणे.

याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. आणि जाताना नखांचा रंग पुसून जा. खड्डे झाकायलाच लावतेस, मला ठाऊक आहे.

तुझा,
दादा