धुरपताबाईचं गाठोडं

आईले प्रतिक्षाचा जय भीम,

भंडाऱ्यात मी बरी आहो, जेवण चांगलं आहे. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये मले म्हाताऱ्या लोकायचा वॉर्ड दिला. मले लहान लेकरायचा पाहिजे होता, म्हणून बदलीचा अर्ज केला.

इथली धुरपताबाई मले आपली पोरगी समजते. हात धरून विचारते, "मले घरी कधी नेशीन?" हात सुटावा म्हणून मी रोज "उद्या" म्हणत होती. तिची खरी पोरगी दोन महिन्यांपासून आलीच नाही.

मागच्या आठवड्यात बदली मंजूर झाली. तिले सांगायले गेली, तर बाई लुगडी गाठोड्यात बांधून बसली होती. म्हणाली, "चाल, पोरी."

मी गाठोडं सोडून लुगडी परत ठेवली आणि ट्रेनिंगच्या मॅडमले सांगितलं, याच वॉर्डात राहीन. आता रोज तिच्यापुढं जा लागते, अन् "उद्या" म्हणवत नाही.

तुहे गुडघे कसे आहेत? खरं सांगजो, मले टाळू नको.

तुही लेक,
प्रतिक्षा