एनिस ट्रेलोरला नको म्हणणारी माणसं

ती. एल्वाताईस,

बेझिलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वर्नदाजींचा खोकला? (मैदानावर ओरडणं थांबवलं तर जाईल, पण त्यांना सांगणार कोण?) आम्ही इथे कॅरंडूत सगळे मजेत आहोत, हे साफ खोटं आहे. मी संतापाने नुसता जळतोय, आणि त्याचं मूळ तुझ्या नवऱ्याच्या संघात आहे, तेव्हा तुलाच ऐकावं लागेल.

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबाला बचावात एक माणूस हवा होता. अध्यक्ष रॉयस पेंगिली मला म्हणाला, "जा, तुझ्या दाजींच्या वायरपूलच्या राखीव संघात कुणी पडून असेल तर बघून ये. खेळाडूंच्या अदलाबदलीला आता महिनाच उरलाय." गेलो. समुद्रावरून असा वारा, की मारलेला चेंडू मारणाऱ्याकडेच परत येत होता. त्या वाऱ्यात मी तुमचा एनिस ट्रेलोर पाहिला. उंच उडी नाही, लांब किक नाही, केस तर बघवत नाहीत. पण समोरच्या संघाचा तो गोल करणारा धिप्पाड गडी, त्याला एनिस उन्हाळ्यातल्या माशीसारखा चिकटला होता. धिप्पाड जाईल तिथे हा आधीच हजर. चेंडू हवेतून आला की धिप्पाडाने पकडायच्या आत याची मूठ मध्ये, चेंडू लांब. बिचाऱ्या धिप्पाडाला एकही गोल मिळाला नाही, शेवटी पंचाकडे रडत गेला! टाळी मात्र कुणी वाजवली नाही. उलट माझ्या शेजारची एक बाई अखंड खडसावत होती, "अरे मेल्या, चेंडू पकड की! नुसता ढकलतोस काय?" मला राहवेना. म्हटलं, "बाई, खेळ कळत नसेल तर घरी जा." त्यावर तिने हातातला पाय (खायचा, खिम्याचा, सॉससकट) माझ्या छातीवर हाणला. "मी आई आहे त्याची! मी नाही बोलायचं तर कुणी?" मग रुमाल पुढे करून हळूच म्हणाली, "खरंच चांगला खेळतो का हो? आजवर कुणी म्हणालं नाही."

तो डागाळलेला कोट घालूनच मी बैठकीला गेलो. सगळं सांगितलं. रॉयस विचारतो, "गोल किती केले त्याने?" म्हटलं, अरे गाढवा, तो होऊ देत नाही! "मग लोक काय न झालेले गोल बघायला येतील?" सगळी समिती खो खो हसली. आणि घेतलं कोणाला? रॉयसच्या जावयाला, क्लेटनला. तोही गोल करणाराच. कुलूप आणायला निघाले आणि झुंबर घेऊन आले! मी टेबलावर मूठ आपटली आणि निवडीचं काम सोडून बाहेर पडलो. आणि दाजींना काय झालंय? चालीवरून मेंढीचं वय सांगतात म्हणे, आणि असा माणूस राखीव संघात कुजवतात?

तुझा, रागावलेला पण तब्येतीने ठीक,
बेझिल

ता.क. येत्या शनिवारी तुमचा-आमचा सामना आहे. दाजींना सांग, एनिसला मुख्य संघात घ्या आणि त्या जावयावर सोडा. माझं नाव काढू नकोस, स्वप्न पडलं म्हण.

आणखी एक. सामन्यानंतर रॉयस एनिसला मागायला धावत येईल. दाजींनी लगेच हो म्हणू नये, आधी त्याला भरपूर रडवावं. मग मात्र द्यावा गं ताई. आमचा बचाव फारच वाईट आहे.