दोनपर्यंत मोजता न येणाऱ्याचं पत्र

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? नव्या ऑफिसातली खुर्ची तरी बरी मिळाली का? माझं डोकं आज ठिकाणावर नाही, तेव्हा पत्र जरा तापलेलं येतंय, सांभाळून घे.

ज्या वाचनालयात तू स्वतः नोकरीला असताना मला चिकटवून दिलंस (उपकार विसरलो नाही, पण आज आठवावेसे वाटत नाहीत), तिथल्या वेबसाइटच्या सर्व्हरला मी गेल्या वर्षी एक नवी आज्ञा शिकवली होती. सर्व्हरच्या पोटात स्क्रिप्ट चालवणारं एक मॉड्यूल असतं. त्यात चार ओळी लिहिल्या की सेटिंगच्या फाइलीत आपण ठरवलेला शब्दही त्याला कळायला लागतो. माझा शब्द 'बंदवेळ'. पुढे वेळ टाकली की तेवढा काळ साइटवर 'वाचनालय बंद' अशी पाटी लागते. (नंतर त्या मॉड्यूलमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याने हात घातला, ते सोड.) आज सकाळी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीचीही पाटी लावा. मी 'बंदवेळ' लिहून पुढे १ टाकला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला गेलो. बंद झाला, सुरू होईना! एका ओळीवर रुसून अख्खी साइट धरणं धरून बसली. काउंटरवर वीस माणसं, आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात याची यादी नेमकी साइटवर.

बरं, चुकलं असेल काही, माणूस आहे. पण चूक झाली की दाखवायला त्या मॉड्यूलमध्ये कोणीतरी लिहून ठेवलेलं उत्तर पडद्यावर काय यावं? "बंदवेळला सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा द्या. दोनपर्यंत मोजता येत नसेल तर मोजता येणाऱ्याला बोलवा." ताई, तळपायाची आग मस्तकात गेली! एकला बंद झालेलं वाचनालय दोनला उघडतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. वर रांगेतल्या पहिल्या निवृत्त मास्तरांनी डोकावून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिथल्या तिथे बाईंकडे लेखी तक्रार दिली : ही ओळ लिहिणाऱ्याला शोधा आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावा, असल्या माणसाबरोबर मी काम करणार नाही. बाई शिस्तीच्या. कोणती ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद असतेच. ती उद्या अकरा वाजता सगळ्या स्टाफसमोर उघडायची, असं त्यांनी फळ्यावर लिहूनही टाकलं. अन्यायाविरुद्ध कोणीतरी उभं राहायलाच हवं ना!

भाऊजींना नमस्कार, भाचीला गोड पापा.

तुझा धाकटा

ता. क. : नोंद मी आत्ताच उघडून पाहिली. नाव माझं आहे. पण तारीख तुझ्या इथल्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची आहे, आणि त्या दिवशी काम समजावून द्यायला तू माझ्याच खुर्चीवर बसली होतीस. उद्या अकराच्या आत बाईंना फोन करून 'ती ओळ मी लिहिली' एवढंच सांगशील का? तुझी नोकरी आता तिथे नाही, माझी आहे.

आणखी एक : असं का लिहिलंस, हे बाई विचारतीलच, म्हणून खरं ते सांगून ठेवतो. त्या दिवशी 'बंदवेळ'पुढे तूही एकच वेळ टाकली होतीस. तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून तिथे लिहिलं.