डाव्या हाताची आवृत्ती

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघा परवानगी देत नाही आणि खोटं लिहिलेलं तुम्ही लगेच पकडता.) इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली ताईकडून फोनवर कळते, म्हणजे ती सांगेल तेवढीच कळते. उजवा हात अजून ऐकत नाही, व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या की तुम्ही झोपेचं सोंग घेता आणि उरलेला दिवस खिडकीकडे तोंड करून बसता, एवढं समजलं. फोन तुमच्याकडे द्यायला सांगितलं की ताई म्हणते, नको म्हणतायत. म्हणून हे पत्र. पत्राला नको म्हणायची सोय नसते, ते दारात येऊन पडतंच.

विषय तुमच्या खेळाच्या यंत्राचा आहे. मागच्या खेपेला इथून निघताना तुम्ही ते आमच्या सूनबाईच्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, भंगारात टाक, ही दोन हातांच्या माणसाची वस्तू. आतोबांचा शब्द ती खाली पडू देत नाही असा आपल्या सगळ्यांचा समज होता. तो तिने खोटा ठरवला. भंगारवाला दोनदा येऊन गेला, यंत्र काही तिच्या कपाटातून बाहेर आलं नाही. उलट तुमचा तो रंगीत ठोकळे रचायचा खेळ, त्यातली तीनशे सहावी पायरी, सात वर्षांची तुमची मेहनत, या सगळ्याची तिने आधी वेगळी प्रत काढून ठेवली आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मी चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढली, दाजी, पण पेटी उघडण्याआधी इतका विचार करणारे कारागीर मला चारसुद्धा भेटले नाहीत. (मी त्या चारांत नाही. ते पुढे येईलच.)

आता हे काम काय, ते मला समजलंय तेवढं सांगतो. यंत्र चालू झालं की 'तू कोण, तुझा पडदा कुठला, कुठलं बटण दाबलं की काय करायचं' हे त्याला सांगणारा एक मूळ प्रोग्राम आत असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. लिफ्टच्या पॅनेलमध्ये तिसऱ्या मजल्याचं बटण दाबल्यावर तिसऱ्याच मजल्याला जायचं हे ठरवणारं जे डोकं असतं, तेच. ज्या कंपनीने यंत्र बनवलं तिने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली, आणि तिच्या प्रोग्राममध्ये बटणांची कामं बदलायची सोयच नव्हती. तेव्हा जगभरातल्या शंभरेक रिकामटेकड्यांनी (हा माझा पहिल्या आठवड्यातला शब्द, मी तो मागे घेतला आहे) तो सगळा प्रोग्राम आपला आपण नव्याने लिहून काढला. आणि लिहिलेलं सगळं उघड्यावर ठेवलंय. कुणीही यावं, वाचावं, बदलून पाहावं, चूक दाखवावी. मी सूनबाईला म्हटलं, लिफ्टच्या खोलीचं दार असं सताड उघडं टाकलं तर आमच्याकडे निलंबन होतं. ती म्हणाली, दार उघडं आहे म्हणूनच तर कुणाला गबाळेपणा करता येत नाही.

ती दिवसभर इस्पितळात एक्स-रे काढते. हे काम रविवारी दुपारी, जेवणाचं टेबल पुसून झालं की. त्या मंडळींत खरी नावं कोणी लावत नाही. एकाच्या नावापुढे कासवाचं चित्र असतं आणि तो उत्तरही तीन दिवसांनी देतो, म्हणून आमच्या घरात तो कासव. दुसरा पाव भाजण्याच्या धंद्यातला आहे, भट्टी थंड झाली की या कामाला बसतो. तो बेकरीवाला. यांचा एक नियम आहे: एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासून होकार दिल्याशिवाय आत जात नाही. बेकरीवाल्याने सूनबाईच्या नऊ ओळी चार वेळा परत पाठवल्या. मी असतो तर त्याच्या भट्टीत पाणी ओतलं असतं. हिने चारही वेळा आभार मानले आणि पुन्हा लिहायला बसली. ना कोणी साहेब, ना पगार, ना हजेरीपट, आणि तरी काम असं चोख की आमच्या खात्यातल्या तपासनिसांना यांच्या पायाशी बसवावं.

तर ती यंत्रात डाव्या हाताची आवृत्ती चढवत होती. म्हणजे उजवीकडची सगळी कामं डावीकडच्या बटणांनी व्हावीत अशी रचना. यंत्राची पाठ उघडलेली, बॅटरी बाजूला काढलेली, भिंतीतून आलेल्या वायरवर सगळं चाललेलं, आणि दारावर कोणीतरी आलं म्हणून ती उठून गेली. नेमका त्याच वेळी मी पाणी प्यायला आत आलो. पाहतो तो काय, पेटी उघडी, लाल दिवा लुकलुकतोय आणि जवळ माणूस नाही! चाळीस वर्षांची सवय हो. उघड्या पेटीजवळ कारागीर नसेल तर मेन स्विच बंद करायचा आणि पाटी लावायची. मी स्विच बंद केला, कागदावर ठळक अक्षरात 'काम चालू आहे, बटण दाबू नये' असं लिहून तो स्विचला चिकटवला आणि एक मोठा अनर्थ टाळल्याच्या समाधानात पेपर वाचत बसलो.

सूनबाई आली. तिने कागद पाहिला, स्विच पाहिला, मला पाहिलं. एवढंच विचारलं, "बाबा, हे कधी बंद केलंत?" मी घड्याळ बघून ठेवलं होतं, चार वाजून सतरा मिनिटं, तेही अभिमानाने सांगितलं. तिने स्विच पुन्हा लावून पाहिला, पडदा काळाच. जुना प्रोग्राम अर्धा पुसलेला, नवा अर्धा चढलेला. अशा यंत्राला ही मंडळी वीट म्हणतात, कारण पुढे त्याचा तेवढाच उपयोग उरतो. दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. तुम्ही ते यंत्र टाकून दिलं होतंत हे खरं, पण तुमच्या हातातली ती एकच वस्तू आमच्याकडे होती आणि तिची मी वीट केली.

तिने झालं ते त्या मंडळींना कळवलं. मला वाटलं, आता शंभर जण माझा उद्धार करतील. बेकरीवाल्याने दोष कोणाचा हे विचारलंच नाही, काय काय झालं ते क्रमाने विचारलं. मग मी नोकरीत लिहायचो तसा रीतसर अपघात अहवाल लिहिला, तीन पानी, आकृतीसह. ('सदर इसमाने कोणतीही शहानिशा न करता विद्युतपुरवठा खंडित केला.' सदर इसम मीच.) शेवटी उपाययोजनेचा रकाना असतो, तो कोरा सोडायची मला लाज वाटली, म्हणून लिहिलं की आमच्याकडे नवा दोर भार घेईपर्यंत जुना दोर कापत नाहीत, तुम्ही का कापता? सूनबाईने सगळं भाषांतर करून पाठवलं. कासवाचं उत्तर तासाभरात आलं! त्यांनी रीतच बदलली: आता नवी आवृत्ती शेजारच्या रिकाम्या जागेत चढते, ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली की मगच जुनी हटते. मध्येच कोणी सासऱ्याने स्विच बंद केला तरी यंत्र जुन्यावर चालू होतं. काम करणाऱ्यांच्या यादीत अगदी तळाला आता 'लिफ्टवाले सासरे' असं आहे. ती यादी मी तीन शेजाऱ्यांना दाखवली. तिघांनीही मागितली नव्हती.

वीट झालेल्याचं काय, असं तुम्ही विचाराल. आत सर्किटच्या पट्टीवर तिळाहून लहान दोन ठिपके आहेत. ते चिमट्याने जोडून धरायचे आणि त्याच क्षणी वायर खुपसायची, म्हणजे यंत्र शुद्धीवर येऊन नवा प्रोग्राम मागतं. सूनबाई म्हणाली, चिमटा तुम्ही धरा, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. ज्याने यंत्र मारलं त्याच्याच हातात तिने चिमटा दिला, हे मी जन्मात विसरणार नाही. अकरा वेळा काही झालं नाही. बाराव्या वेळी पडदा उजळला, नवा प्रोग्राम चढला, तिने राखून ठेवलेली प्रत आत घातली आणि तुमची तीनशे सहावी पायरी जशीच्या तशी समोर आली. आम्ही दोघं टेबलाशी उभे राहून वेड्यासारखे हसत होतो.

मुलगी लाखात एक आहे, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. ताईस नमस्कार. प्रकृतीस जपा. बाकी सर्व ठीक, लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

आपला,
सदर इसम

ता. क. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही हे खरं नाही. सोबतच्या खोक्यात तुमचं यंत्र आहे, बॅटरी भरलेली. डावीकडचं वरचं बटण एकदा दाबलं की बाणांची बटणं उजवीकडची कामं करतात, पुन्हा दाबलं की पूर्ववत.

आणखी एक ता. क. सूनबाईच्या वतीने विनंती. ही आवृत्ती अडकून पडली आहे, कारण बेकरीवाल्याने ओळी तपासल्या तरी खेळून तपासणाऱ्याची जागा रिकामी आहे. आम्ही सगळ्यांनी उजवा हात पाठीमागे धरून खेळून पाहिलं, पण अडलं की तो मेला आपोआप पुढे येतो. कासवाने तर स्वतःचा हात खुर्चीला बांधला आणि खुर्चीसकट आडवा झाला. खरा एका हाताने खेळणारा हवा, आणि तोही चुका काढणारा. तुम्ही बाटल्यांच्या कारखान्यात तीस वर्षं उजेडाकडे धरून धरून बाटल्या नापास केल्यात, आमच्या लग्नात मांडवसुद्धा नापास केला होता. काय काय चुकलंय ते कळवा. सूनबाई म्हणते, सगळं बरोबर असेल तर तसंही कळवा. मी तिला म्हटलं, तू अजून आतोबांना ओळखत नाहीस.

शेवटचा ता. क. ताईला हे काही सांगितलेलं नाही. परवा फोनवर मी तिला सहज विचारलं की तुला दाजींकडून काय हवंय. म्हणाली, "एकदा चहाला नावं ठेवू देत रे त्यांना." तेव्हा सुरुवात यंत्रापासून करा, चहापासून करा, तुमची मर्जी. पण करा.