मस्कत किती लांब

मस्कत, शुक्रवार

दादा,

नमस्कार आईला सांग. तुला आज नाही.

आम्ही इथे मजेत आहोत. उकाडा आहे, पण घरात एसी असतो. झाली खुशाली सांगून.

आईने केलेत म्हणून जे बेसनाचे लाडू तू पाठवलेस, त्यांत जायफळ होतं. आई बेसनाच्या लाडवात कधीच जायफळ घालत नाही. दुकानातले लाडू तिच्या डब्यात भरायची अक्कल कोणाची, तुझी की वहिनीची? मी सरळ शेजारच्या कुंदाकाकूंना फोन लावला. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे मला त्यांच्याकडून कळलं. तेही महिना उलटल्यावर.

तुला विचारलं तर म्हणालास, "एवढ्या लांब तुला उगाच टेन्शन कशाला?" आणि फोन वहिनीकडे दिलास. म्हणून हे लिहून पाठवतेय.

मुंबई ते मस्कत विमानाने पंधराशे किलोमीटर आहे रे. जेमतेम तीन तास. मुलुंडहून गोरेगावला वहिनीच्या माहेरी जाताना दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसतोस, तेव्हा गोरेगाव नाही लांब वाटत तुला.

आई वॉकर घेऊन चालते का? रात्री तिच्याजवळ कोण झोपतं?

ऑपरेशन तीन तास चाललं, असं काकू म्हणाल्या. तिला आत नेलं तेव्हा मी विमानात बसले असते, तर बाहेर आणेपर्यंत मुंबईत उतरले असते.

बाहेर आणल्यावर तिने कोणाला हाक मारली, एवढं तरी खरं लिही.

तुझी बहीण,
गार्गी