नसा नरम होतील म्हणून

प्रिय मिथुनदादा,

सप्रेम जय भीम.

सुरज उद्या टिप्परचे सुटे भाग घेऊन तुमच्या एटापल्लीच्या साइटवर येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तुझा आवाज मधेच तुटतो, आणि मला जे सांगायचं आहे ते अर्धं ऐकून तू दिवसभर गाडी चालवू नयेस. गाडीवर असशील तर हे खिशात ठेव, ड्युटी संपल्यावर वाच. बाबा आहेत. बरे आहेत असं लिहिता येणार नाही, पण आहेत. बोलतात, चिडतातही.

नागपूरला त्यांचं स्कॅन करायला मीच घेऊन गेले होते. तुझी किडनी त्यांना बसवायच्या आधीची ही शेवटची तपासणी. तुझं रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आता एवढंच राहिलं होतं. बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर बसले आणि वरोऱ्यापर्यंत ड्रायव्हरच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत राहिले. "असा गिअर टाकला असता तं ऊर्जानगरच्या साहेबलोकायनं मले पहिल्याच दिवशी उतरवलं असतं," म्हणाले. जन्मभर वीजकेंद्राच्या शिफ्टची बस चालवलेला माणूस, त्यांना दुसऱ्याची बस सहन होत नाही. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "या बाबाजी, तुमीच बसा इथी." सगळी बस हसली. मलाही हसू आलं. खूप दिवसांनी आले होते ते घराबाहेर, डायलिसिसचा दवाखाना सोडून.

माय घरीच होती. डायलिसिससाठी हातात केलेली नस बंद पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की नसा कडक झाल्या आहेत. मायनं तेवढंच धरून ठेवलं. पोंभुर्ण्याहून मामाकडून टोरीचं तेल आणवलं, मोहाच्या बियांचं. रोज संध्याकाळी वाटीत कोमट करते आणि बाबांचे हातपाय चोळत बसते. "चामडं कडक झालं की आपन तेलच लावतो ना? मंग नस काऊन नरम नाई होनार?" असं मला विचारते. या कडक नसांचाच मी प्रयोगशाळेत दिवसभर अभ्यास करते, पण मायचं तेल मी थांबवलं नाही. तिला एवढंच म्हटलं, सुई टोचलेल्या जागी तेल लावू नकोस. तेवढं ती पाळते.

तू एकदा विचारलं होतंस, नसेत हाडासारखं कसं काय तयार होते, तू तं तेच शिकतं ना. नीट सांगते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूच्या बारीक पेशी असतात. ताणणं आणि आवळणं हे त्यांचं काम. प्रत्येक पेशीत एक जागा असते, तिथे नव्या प्रथिनांना घड्या घालून बरोबर आकार दिला जातो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मामाच्या ओसरीवर आपण पुडे बांधायचो, ते आठव. पानांची रास पडायची, हात पुरायचे नाहीत. मग मामी ओरडायची, "थांबा रे बाप्पा, आता आनू नोका!" आणि शेजारणीला हाक मारायची. पेशीही ताण आला की तेच करते. नवं काम थांबवते, मदत वाढवते. पण किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात फॉस्फेट वाढतं, नको ते साचतं, बाबांना तर साखर आणि प्रेशरही. रास कमीच होत नाही. शेवटी ती पेशी स्वतःचं काम सोडते आणि हाडाच्या पेशीसारखी वागायला लागते. भोवती कॅल्शियम बसवत जाते. हा ताण हे एकमेव कारण नाही, अनेकांतलं एक आहे. याहून जास्त मी म्हणणार नाही, कारण याहून जास्त मला खात्रीनं माहीत नाही.

आम्ही काचेच्या लहान ताटल्यांत पेशी वाढवतो, त्यांना तसा ताण देतो, आणि मग रंग टाकून बघतो. जिथे कॅल्शियम बसलं तिथे लाल ठिपके दिसतात. ठिपके छान आले की आम्ही खूश होतो, प्रयोग जमला म्हणून. दादा, आता माझ्याच्यानं त्या ताटल्या उचलवत नाहीत.

कारण डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली तेव्हा कंबरेपासून मांडीपर्यंत बाबांच्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसत होत्या, हाडाइतक्याच पांढऱ्या. ते बोलायच्या आधीच मला कळलं. नवी किडनी तिथेच जोडायची असते. तिथे सुई शिरायला आणि टाका धरायला मऊ जागा लागते. तशी जागा उरलेली नाही, ना उजवीकडे, ना डावीकडे. तुझी काय, कुणाचीही किडनी त्यांना बसवता येणार नाही. मी डॉक्टरांना आणखी एक विचारलं, कारण तूही हेच विचारशील: किडनी देण्यासाठी भावाला जो तंबाखूचा खर्रा सोडावा लागला, तो त्यानं आधीच सोडला असता, ऑपरेशन लवकर झालं असतं, तर? ते म्हणाले, हे काही महिन्यांत होत नाही, वर्षानुवर्षं होत आलेलं आहे. तेव्हाही हेच दिसलं असतं. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. तसं असतं तर लिहिलंच नसतं.

बाहेर आल्यावर बाबांनी अर्धा कप चहा घेतला. म्हणाले, "माह्या पाइपात सिमेंट बसलं म्हन. ठेकेदार इमानदार निंघाला, पक्कं काम केलं त्यानं." चहावाला हसला, बाबाही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पोट्टे, मिथुनले सांगू नोको." मी विचारलं, काऊन? "भीमजयंतीले त्यानं खर्र्याची पन्नी नालीत फेकली ना, माह्यासाठी. मले किडनी द्याची म्हनून तो अजून तोंड साफ ठेवून आहे. आता कामाची नाई म्हनलं तं उद्याच पानठेल्यावर जाईन. ऑपरेशन पुढं गेलं म्हन. असंच पुढं पुढं सांगत राह्य." मी हो म्हटलं. तेव्हापासून तू फोनवर तारीख विचारतोस आणि मी पुढे गेली म्हणते, आणि बाजूला बसलेले बाबा माझ्याकडे बघून मान हलवतात, बरोबर सांगितलं म्हणून.

पण हातातली नस बंद पडल्यावर डायलिसिससाठी मानेत घातलेली नळीही मागच्या वेळी अडली. दुसऱ्या बाजूनं कशीबशी घातली. तिथलं रक्त किती दिवस वाहील ते कुणी सांगत नाही, आणि नळी घालायला चांगल्या जागा फारशा उरलेल्या नाहीत. नळी नाही तर डायलिसिस नाही. बाबांचा शब्द मोडून लिहिते आहे, कारण तू ऑपरेशनच्या तारखेसाठी सुट्ट्या साठवून ठेवतो आहेस, एक दिवससुद्धा घेत नाहीस, आणि ती तारीख येणार नाही. ठेल्यावर गेलास तर मी अडवू शकत नाही, एवढंच की बाबांना ते कळू देऊ नकोस. पण त्या सगळ्या सुट्ट्या आता काढ, दादा. सुरजच्याच गाडीत बसून परत ये.

तुझीच,
संघप्रिया